छापात आलेले गाव

परवा टपालाने एक जाडजूड अंक आला. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाने आपल्या दीर्घायुष्याचा उत्सव केला आहे, त्याचा. जुन्या वर्गणीदारांना हा अंक सप्रेम भेट पाठवत आहोत, असे सोबतच्या चिठ्ठीत होते. मी कधीच वर्गणीदार नव्हतो. वर्गणी भरणारे शेठजी केव्हाच गेले. त्यांच्या पत्त्याखाली 'मार्फत' म्हणून माझे नाव लिहिले जायचे, तेवढे मात्र मुंबईच्या वहीत राहून गेलेले दिसते.

अंक देखणा आहे. कागद असा की हात लावण्याआधी हात धुवावेसे वाटतात. पहिल्या पानावर वेलबुट्टीच्या महिरपीत संपादक बसले आहेत. त्यांच्या मागे पुस्तकांचे कपाट आहे आणि कपाटाला कुलूप आहे. पुढे पत्राचा साद्यंत इतिहास आहे: पहिले छापयंत्र कोणत्या जहाजातून आले, दुसरे कोणत्या, आणि छापखान्याला कोणकोणत्या बड्या साहेबांनी भेट दिली. हे पत्र वाचले कोणी, याबद्दल फारसे नाही. इतिहासाच्या शेवटी ठळक अक्षरांत एक वाक्य आहे. आजवर या पत्राला आपला छापलेला एकही शब्द मागे घ्यावा लागलेला नाही.

हे अगदी खरे आहे. त्यांनी एक शब्द मागे घ्यावा म्हणून मी नऊ पत्रे लिहिली होती.

ती हकीगत कापसाच्या तेजीतली आहे. अमेरिकेत गोरे लोक आपापसांत लढत होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि म्हणून अमरावतीच्या बाजारात माणसे रेशमी पागोटी घालू लागली होती. हा कार्यकारणभाव मी शाळेत मुलांना नकाशावर बोट ठेवून समजावीत असे. मुलांना तो पटत नसे. मलाही पूर्ण पटला होता असे नाही.

मी तेव्हा सरकारी शाळेत मास्तर होतो. मुंबईला राहून इंग्रजी शिकून आलेला, म्हणून गावात माझी किंमत माझ्या योग्यतेपेक्षा बरीच अधिक होती. कापूसबाजारात एका अडत्या शेठजींची पेढी होती. कापूस आणणारा आणि घेणारा यांच्या मध्ये बसून व्यवहार जमवून देणे हा त्यांचा धंदा. तेजी आल्यावर त्यांनी दोन गोष्टी मागवल्या, एक काचेची हंडी आणि दुसरे हे इंग्रजी वर्तमानपत्र. हंडीत त्यांनी कधी दिवा लावला नाही, आणि पत्र त्यांना वाचता येत नव्हते. दोन्ही वस्तू दिसल्या म्हणजे झाले.

पत्र रोजचे होते, पण आमच्याकडे येईतो ते आठवड्याचे होत असे. टपाल घेऊन धावणारे हरकारे पाच-सहा अंकांची गुंडाळी एकदम आणून टाकायचे. पावसाळ्यात नद्या चढल्या की दोन-दोन गुंडाळ्या बरोबर येत, आणि मग एकाच दुपारी आम्ही एक लढाई सुरू झालेली, हरलेली आणि पुन्हा सुरू झालेली ऐकत असू. गुंडाळी सोडण्याचा मान शेठजींचा. ते दोरी सोडत, अंक मांडीवर पसरून दोन्ही तळव्यांनी सपाट करत, थोडा वेळ त्याच्याकडे गंभीरपणे पाहत आणि मग माझ्याकडे देत. पुष्कळदा तो उलटा असे. त्यांच्या गांभीर्यात त्याने फरक पडत नसे.

दर बाजारच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पेढीच्या ओट्यावर बसून मी तो वाचायचा, असा रिवाज पडला. म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे. ओट्यावर पाटील, देशमुख आणि दलाल बसत. खाली गाड्यांच्या जुवांवर, धुऱ्यांवर बाकीचे. क्रम ठरलेला होता. आधी लिव्हरपूलचा भाव, मग जहाजे, मग लढाई, आणि वेळ उरला तर बाकीचे जग. लिव्हरपूल हा कोणी लहरी शेठ असावा, अशी पुष्कळांची समजूत होती. "आज काय म्हणते लिवरपूल?" असे ते विचारत. "थोडा नरम आहे," असे मी सांगितले की, "तब्येत बरी नसन," असे कोणीतरी म्हणे. मी सुरुवातीला ही समजूत दुरुस्त करायचा प्रयत्न केला. पुढे लक्षात आले की त्या समजुतीने भाव जितका कळतो तितकाच माझ्या नकाशाने कळतो.

या वाचनाचा लोकांवर एक विचित्र परिणाम झाला होता. डोळ्यांनी पाहिलेले खोटे असू शकते, पण छापात आलेले नाही, असे ते मानू लागले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या आहेत, असे एकदा त्या पत्रात आले. मी वाचून दाखवले. ओट्यावरच्या एकानेही तशी गाडी पाहिली नव्हती, आणि रस्त्यावर तर समोर शंभर गाड्या उभ्या होत्या. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. "असन कोणाची," एक म्हातारा म्हणाला, "मुंबईवाल्याले दिसली त असनच."

आता माझा भाग. तो चारचौघांत सांगायला मला त्या दिवसांत तोंड मिळाले नाही. आता कागद मिळाला आहे.

मी त्या पत्राला चोरून पत्रे लिहीत असे. सरकारी नोकराने वर्तमानपत्रात लिहू नये असा दंडक होता, म्हणून खाली नाव न घालता 'एक निरीक्षक' एवढेच लिहायचो. दोन छापून आली होती: एक टपालाच्या दिरंगाईवर, एक अमरावतीच्या धुळीवर. आपले वाक्य मुंबईहून छापून येते, आणि आपणच ते चार माणसांत दुसऱ्याचे म्हणून वाचून दाखवतो, यात एक हलकट सुख असते. ज्याने ते भोगले नाही त्याला मी ते समजावू शकणार नाही.

हिवाळ्यातल्या एका बाजारच्या दिवशी मी शाळेतून येत होतो. बाजाराच्या तोंडाशी एक कापसाची गाडी उभी होती आणि तिच्यातून पाणी गळत होते. एक दलाल हात नाचवीत ओरडत होता, "वजनासाठी पाणी मारलं! साऱ्या गावाचंच असं हाय!" भोवती माणसे जमली होती. मी गावाचे नाव विचारले, कोणीतरी सांगितले. एवढेच. गाडीवाल्याला मी काही विचारले नाही. घरी जाऊन लिहायला बसलो.

कापसात पाणी, सरकी आणि खडे घालण्यावरून मुंबईत तेव्हा मोठी ओरड होती, कायदा झाला होता. विषय ताजा होता. पण एका गाडीवर इंग्रजी वाक्य काही नीट बसेना. फार लहान दिसे. मग मी ते त्या गावावर बसवले आणि ते लगेच ऐटीत उभे राहिले. 'अमुक गावी कापूस भिजवून विकण्याची चालच आहे, असे ऐकिवात येते.' 'असे ऐकिवात येते' हे मी घातले होते, हे मला पक्के आठवते. मुंबईच्या संपादकांनी ते काढून टाकले. जागा पुरली नसावी.

गावाचे नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिले तेच पुष्कळ झाले.

तीन आठवड्यांनी ते छापून आले. मी ओट्यावर अंक उघडला, माझे पत्र पाहिले. भाव, जहाजे, लढाई भराभर उरकली. मग म्हणालो, "आता आपल्या मुलखाची एक बातमी आहे." आणि गावाचे नाव वाचून, ऐकणाऱ्यांवर परिणाम साधायला, मी थोडा थांबलो.

"आमचं गाव?" ओट्याच्या कडेचा एक माणूस उठून उभा राहिला. त्या गावचे पाटील. पन्नाशीचे, रापलेले, उंच. दर बाजारी येत आणि फारसे बोलत नसत. "आमचं गाव छापात आलं?"

लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. "पाटील, आता मुंबईले नाव गेलं तुमचं!" "पेढे आणा, पाटील!" पाटलांनी खरेच कमरेचा पैशांचा कसा सोडून एका माणसाला हलवायाकडे पिटाळले. शेठजींनी त्यांना ओट्याच्या मध्यभागी आपल्याजवळ बसवून घेतले. पाटील पागोटे सावरून बसले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "हं मास्तर. वाचा आता."

तेव्हा मी काय करायला हवे होते हे मला आज तंतोतंत कळते. गावाचा कापूस उत्तम आहे, एवढे मराठीत बोलायचे होते. कोणाला इंग्रजी येत होते? पण मी वाचले ते छापलेलेच. माझ्या गद्याचा मला अभिमान होता.

पेढे आले तेव्हा ओट्यावर कोणी बोलत नव्हते. आणणाऱ्या माणसाला काही कळेना. तो द्रोण घेऊन एकेकापुढे जात होता आणि संकोचाने एकेकजण पेढा उचलत होता. मीही एक खाल्ला.

पाटील खाली उतरले. "ते गाडी माया पुतण्याची होती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नदीच्या उतारात बैल बसला पाण्यात. अर्धी गाडी भिजली. वाळवूनच विकणार होतो आमी. कोणी इचारलं असतं त सांगितलं असतं." मग शेठजींकडे वळून म्हणाले, "शेठजी, ज्या छापानं हे म्हटलं, त्याच छापानं नाही म्हटलं पाहिजे. तोवर मी या ओट्यावर बसणार नाही."

आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमाले इंग्रजी येते. तुमी लिहा त्यायले. माया हातून एवढं होत नाही."

लिहिले. त्याच रात्री नव्हे, त्याच घटकेला, पेढीवर बसून, पाटलांच्या समोर. बैल कसा बसला, कोणत्या नदीत बसला, सगळे. माझे सर्वांत साधे आणि सर्वांत खरे पत्र ते. ते छापले गेले नाही. मग दुसरे लिहिले, तिसरे लिहिले. एकात विनंती केली, एकात कायद्याची भाषा वापरली, एकात संपादकांच्या न्यायबुद्धीची इतकी स्तुती केली की पाकिटात घालताना माझीच मला लाज वाटली. शेवटी 'एक निरीक्षक' या सहीने लिहून टाकले की पहिला मजकूर मीच पाठवला होता आणि तो चुकीचा होता. काही उत्तर नाही. खरे तर त्यात अन्याय काही नव्हता. मुंबईत बसलेल्या माणसाला वऱ्हाडातला एक बैल पाण्यात बसला की नाही, याचे काय?

इकडे गावाचे हाल सुरू झाले. मुंबईच्या पेढ्यांचे गुमास्ते ते वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले. त्या गावची गाडी आली की दलाल आधी हात घालून पिळून पाही आणि मग सगळा बाजार हसे. "काहो, आज प्यायला का कापूस पाणी?" गाड्या दिवसभर उभ्या राहत आणि सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले घेणाऱ्याला जात. काहींनी गाव लपवायला सुरुवात केली. शेजारच्या गावचे नाव सांगत. पाटलांनी ते बंद केले. "खोटं नाव सांगितलं त छाप खरा होते," ते म्हणाले.

आणि दर बाजारच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ते ओट्याखालच्या निंबाला टेकून उभे असत. लोक म्हणत, "बसा न पाटील, धुरीवर तरी बसा." बसत नसत. मी अंक मिटला की त्यांचे दोन शब्द ठरलेले. "आलं काय?"

"नाही, पाटील."

"बरं. पुढच्या बाजारी पाहू."

मी घरी पत्नीला सगळे सांगितले होते. ती म्हणाली, "अहो, मग त्यांना खरे सांगा की तुम्हीच लिहिले ते." मी म्हणालो, नोकरी जाईल. ती म्हणाली, "जाईल," आणि ताटात भाजी वाढली. हा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिच्या न काढण्याचा मला फार त्रास झाला.

असे पुरे एक वर्ष गेले. पुढच्या हंगामात पहिला कापूस आला त्या बाजारी पाटील नेहमीसारखे उभे होते. त्यांच्यामागे गावची बारा-पंधरा माणसे आली होती. या वर्षी तरी नावावरचा डाग निघेल, असे पाटलांनी गावाला सांगितले होते, म्हणून ऐकायला आलेली. मी भाव वाचला. जहाजे वाचली. लढाई वाचली. पान उलटले. समोर एक जाहिरात होती. कोणी साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याचा घोडा, बग्गी, पियानो व खाण्याचे टेबल लिलावात निघाले होते.

मी डोके वर केले. ती सगळी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती.

आणि मी वाचू लागलो. "अमुक गावच्या कापसासंबंधी मागे आमच्या पत्रात जे प्रसिद्ध झाले, ते चुकीच्या माहितीवरून झाले, हे कळवताना आम्हांस खेद होतो. चौकशीअंती असे समजते की नदी उतरताना बैल पाण्यात बसल्यामुळे एकच गाडी भिजली होती. त्या गावचे लोक सचोटीचे असून…" मी बराच वेळ वाचत होतो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सफाईदार भाषांतर. मूळ नसल्यामुळे कुठे अडले नाही.

ओरडा झाला. कोणी पागोटे उडवले. शेठजी पेढीवरून उठून खाली आले आणि पाटलांचा हात धरून त्यांना ओट्यावर घेऊन गेले. पाटील वर्षाने बसले. मांडी घालताना त्यांचे गुडघे वाजले ते मला ऐकू आले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, तो कागद मले द्या."

"अंक शेठजींचा आहे, पाटील," मी घाईने म्हणालो.

"अरे ले जाओ, पाटील, ले जाओ!" शेठजी म्हणाले. "तुमचा इमान आहे त्याच्यात. मी काय करू ठेवून?" एरवी जुन्या अंकाचा चतकोर तुकडाही कोणाला न देणारा माणूस.

"कुठं लिहून हाय ते दाखवा," पाटील म्हणाले. मी बोट ठेवले. "खूण करून द्या." शेठजींनी दौत पुढे केली. घोडा, बग्गी आणि पियानो यांच्याभोवती मी शाईने चौकट ओढली. पाटलांनी कागद कपाळाला लावला, घडी केली आणि पागोट्याच्या आत खोचला.

तो देव्हाऱ्यात जाईल, अशी माझी कल्पना. फार तर चावडीत टांगतील. गावात इंग्रजी कोणाला येते? मी स्वतःला असे समजावून पंधरा दिवस बरा झोपलो. मग बाजारात त्यांच्या गावचा एकजण भेटला, हसऱ्या तोंडाने. "पाटील अकोल्याले गेले न," तो म्हणाला. "साऱ्या गावचा कापूस घेऊन. तिथं मुंबईवाल्याची नवी वखार हाय. कागद दाखवतो म्हणे आन् चांगल्या भावात देऊन येतो."

आगगाडीचे रूळ तेव्हा अकोल्याकडे सरकत होते. ते येण्याआधीच मुंबईच्या पेढ्यांनी तिथे जागा धरून वखारी घातल्या होत्या. मी शाळेत आजारपणाचा अर्ज टाकला आणि एक हलकी दमणी भाड्याने केली. पाटील दोन दिवस पुढे होते, पण भरलेल्या गाड्या सावकाश चालतात. वाटेत गाठून काय सांगायचे ते मी मूर्तिजापूरपर्यंत ठरवीत होतो आणि त्यापुढे नुसता बैलांच्या शेपट्या पाहत होतो. दमणीवाल्याने विचारले, "कोणी गेलं का, मास्तर?" मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.

वखारीच्या आवारात शिरलो तेव्हा सकाळचे ऊन चढले होते. नऊ गाड्या रांगेत उभ्या होत्या. पाटील हात जोडून उभे होते. त्यांच्यासमोर बाजेवर मुंबईचा एक कारकून बसला होता, कानाला लेखणी, आणि त्याच्या हातात तो कागद. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तो दोनदा वाचलेला दिसत होता.

"अहो, यात घोडा विकायचा आहे असे लिहिले आहे," तो म्हणत होता. "आणि एक बाजा. तुमच्या गावाचे नावसुद्धा नाही."

"नाही कसं? चौकटीत हाय न. नीट पाहा, साहेब."

"चौकटीतच घोडा आहे."

गाडीवाले हसले नाहीत. ते पाटलांकडे पाहत होते. पाटलांची नजर फिरत फिरत फाटकाकडे आली आणि मी दिसलो. त्या माणसाचा चेहरा कसा उजळला ते मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"हे पाहा, मास्तरच आले!" ते मोठ्याने म्हणाले. "यायनंच वाचलं होतं. मास्तर, या. यायले वाचून दाखवा बरं."

कारकुनाने कागद माझ्या हातात दिला. मी तो पाहिला. माझीच चौकट होती, एका कोपऱ्यात शाई फुटलेली. ओट्यावर जे सुचले होते त्यातला एक शब्द आता तोंडातून निघणे शक्य नव्हते, कारण समोर वाचता येणारा माणूस होता. वाचता येणाऱ्या एका माणसाने किती फरक पडतो हे मला शाळेत इतकी वर्षे शिकवूनही कळले नव्हते.

"चुकून दुसरा कागद दिला गेला," मी म्हणालो. "खरा अमरावतीस राहिला."

"मग तो घेऊन या," कारकून सभ्यपणे म्हणाला. "कापूस तेव्हा पाहू."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, पूर्वीच्याच घड्यांवर मोडला, पागोट्यात खोचला आणि गाडीवाल्यांना म्हणाले, "जुंपा. मास्तरचा कागद घरी राहिला."

मी दमणी सोडून दिली आणि त्यांच्या गाडीत बसलो. दुपारी एका ओढ्याच्या काठी गाड्या सोडल्या. बाकीचे बैल पाजायला गेले. पाटलांनी भाकरीवर चटणी घालून अर्धी माझ्यापुढे केली.

"तो कागद हायच नाही न, मास्तर?"

"नाही, पाटील."

ते थोडा वेळ जेवले. "पण वाचलं छान होतं," म्हणाले. "बैलाचं त लयच छान. जसं कोणी तिथं उभं राहून पाहिलं."

तेव्हा मला राहवले नाही. "पाटील, पहिले पत्रही माझेच. गावाचे नाव मी लिहिले. गाडीला पाणी गळताना पाहिले आणि काही न विचारता मुंबईला लिहून पाठवले. हे सगळे माझ्यामुळे झाले."

पाटलांनी घास खाली ठेवला. मला वाटले, आता. पण ते हसले. उदास, पण प्रेमाने.

"काहून असं उगाच अंगावर घेऊन राहिले, मास्तर? तुमी? मुंबईच्या छापात तुमी लिहान? ते साहेबलोक लिहितात. तुमी वाचता."

"खरंच सांगतो, पाटील. मीच लिहिलं."

"मायं वाईट वाटलं म्हणून तिकडं खोटं वाचलं. आता मले बरं वाटावं म्हणून इथं खोटं बोलून राहिले." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस झालं. तुमच्यावानी माणूस नाही भेटणार. पण आता खोटं नका बोलू."

मी शपथ घेतली. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवले. शपथा अशा घालवू नयेत म्हणाले. बैल पाणी पिऊन आले. गाड्या जुंपल्या.

गावात त्यांनी काय सांगितले ते मला पुढे कळले. कागद खरा आहे, पण अकोल्याच्या कारकुनाला नीट वाचता येत नाही, असे. म्हणजे गावाचा असा समज राहिला की आपल्या नावावरचा डाग निघाला आहे. फक्त कापूस कोणी घेत नव्हते.

मी आणखी दोन पत्रे लिहिली, तेव्हा नऊ झाली. पुढच्या बाजारी मी ओट्यावर आलो तर पाटील निंबाखाली उभे. लोकांना नवल वाटले. "आता काहून उभे, पाटील? आता त आलं न छापात?"

"पाय आखडले," ते म्हणाले. "उभंच बरं वाटते."

त्यानंतर त्यांनी मोठ्याने कधी विचारले नाही. मी अंक मिटला की नुसते भुवया उचलून पाहत, आणि मी मान हलवीत असे. आम्हा दोघांतच ते राहिले.

मग अमेरिकेतली लढाई मिटली. ती बातमी मीच वाचली. जहाजे फिरली, लिव्हरपूल शेठ आजारी पडला तो उठेचना, आणि बाजारात कोणाच्याच गावचा कापूस कोणी विचारीना. चांगल्या गावांच्या गाड्याही संध्याकाळपर्यंत उभ्या राहू लागल्या. रेशमी पागोटी कमी झाली. शेठजींनी हंडी उतरवली, पण पत्र बंद केले नाही; वर्षाची वर्गणी आधीच गेली होती. ओट्यावर ऐकणारे उरले चार. भाव ऐकून काय करायचे?

पाटील येत असत. त्यांना भावाशी कर्तव्य नव्हते. मी भाव, जहाजे सोडून सरळ पत्रव्यवहाराचे पान काढत असे. ओळ न् ओळ पाहत असे, कारण मला ते तिथे असेल असे खरोखर वाटू लागले होते. मान हलवली की ते बैलगाडीकडे वळत. एकदा जाता जाता परत आले. म्हणाले, "मास्तर, आता सारेच भिजले. पण त्यायचं छापलं नाही कोणी."

उत्सवी अंकातल्या इतिहासात आमच्या मुलखाविषयी एकच वाक्य सापडले. त्या तेजीच्या काळात वऱ्हाडच्या बाजारांतही या पत्राची आतुरतेने वाट पाहिली जात असे, असे ते आहे. त्यांना हे कोणी कळवले कोण जाणे. माझ्या नऊ पत्रांपैकी एखाद्यात मी तसे लिहिले असावे. तेवढे त्यांनी ठेवून घेतलेले दिसते.